पगारापलीकडचे पाळकपण

शाळेच्या क्रमिक पुस्तकात ज्यांची ओळख होते आणि बहुतेकांच्या बाबतीत तिथेच संपते, अशा कवींमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा क्रमांक बराच वरचा लागेल. शिकाऱ्याच्या घावाने तडफडणाऱ्या पक्षिणीची त्यांची कविता आमच्या पिढीने पाठ केली आणि फुलामुलांचे कवी म्हणून परीक्षेत त्यांच्यावर टिपाही लिहिल्या. पुढे ज्यांना वाचनाची गोडी लागली त्यांना लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधून दुसरे टिळक भेटले. घरात पैसा न टिकवणारे, तापट, हळवे आणि बायकोला जेरीस आणणारे. या दोन टिळकांच्या मध्ये एक तिसरे टिळक आहेत, आणि त्यांच्याविषयी आपण मराठी वाचक फारसे बोलत नाही. हे तिसरे टिळक वीसहून अधिक वर्षे नगर जिल्ह्यातल्या साध्यासुध्या माणसांना एक काम शिकवत होते. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, मयताच्या घरी दोन शब्द बोलणे, भांडण मिटवणे, देवाचे नाव घेऊन चार घरे एकत्र बांधून ठेवणे. ख्रिस्ती समाजात या कामाला पाळकपण म्हणतात. टिळकांची बरीचशी भक्तिपर कविता या कामाच्या गरजेतून जन्मली आहे.

मी ख्रिस्ती नाही. टिळकांकडे गेलो तो वाङ्मयाच्या वाटेने. पण पस्तीस वर्षे बँकेच्या नोकरीत गेल्यामुळे कोणाचेही चरित्र वाचताना माझे लक्ष नकळत त्याच्या मिळकतीकडे जाते. माणूस पगारासाठी काय करतो आणि पगार नसता तर काय केले असते, हा प्रश्न मला नेहमीच कुतूहलाचा वाटत आला आहे. टिळकांच्या आयुष्याचा शेवटचा अध्याय नेमका याच प्रश्नाभोवती फिरतो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातल्या करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीतले आणि कडक स्वभावाचे. आई जानकीबाई भाविक, गाण्याची आवड असलेल्या. आई लवकर गेली आणि मुलाचे घरातले मन उडाले. तो नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला, इंग्रजी शाळेत थोडेफार इंग्रजी शिकला, आणि परीक्षा न देताच शाळा सुटली. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही जेमतेम अकरा-बारा वर्षांची मुलगी त्यांची पत्नी म्हणून घरात आली. तीच पुढे लक्ष्मीबाई झाली. त्यानंतरची दहा-बारा वर्षे म्हणजे नुसती भटकंती. कुठे शिक्षक, कुठे कीर्तनकार, कुठे पुराणिक. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ‘ऋषि’ नावाचे मासिक काढून पाहिले. नोकरी धरावी, मन विटले की सोडावी, असा क्रम. डोक्यात मात्र एकच घोळत असे. हा समाज जातीच्या उतरंडीतून बाहेर कसा येईल आणि त्याला बळ देणारा धर्म कोणता?

राजनांदगावच्या नोकरीच्या सुमारास आगगाडीत भेटलेल्या एका प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. तो वाचताना डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि पुढे पत्रव्यवहार, वाद, चिंतन असे करत १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. माहेरच्यांनी त्यांना पंढरपुरास नेले. पुढची चार-पाच वर्षे नवरा-बायकोत पत्रांचेच काय ते नाते उरले.

टिळक ज्या जगात पाऊल टाकत होते त्याची घडी कशी होती हे थोडे सांगायला हवे, नाहीतर त्यांचे पुढचे काम ध्यानात येणार नाही. त्यासाठी आमच्या छत्रपती संभाजीनगरहून फार लांब जावे लागत नाही. साठेक किलोमीटरवरच्या जालन्यात जाऊ या. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडे बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने त्या अल्पवयीन मुलाला घरच्यांच्या हवाली केले आणि त्याला शुद्ध करून जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी कंबर कसली. मराठी समाजाच्या इतिहासातले हे गाजलेले प्रकरण. श्रीपतची कथा आपण शाळेत वाचतो. थोरल्या भावाचे पुढे काय झाले हे मात्र कोणी सांगत नाही. नारायण शेषाद्री रीतसर पाळक झाले आणि १८६० नंतरच्या दशकात निजामाच्या मुलखात जालन्यास आले. तिथे त्यांचे काम मुख्यतः मांग समाजात वाढले. दिवाण सालारजंग यांच्या अनुकूलतेने मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे गाव वसवले.

शेषाद्री ज्या स्कॉटिश पंथाचे, त्याला प्रेसबिटेरियन म्हणतात. शब्द अवघड आहे, पण त्याचा अर्थ आपल्या ओळखीचा आहे. मूळ ग्रीक शब्द वडीलधाऱ्या माणसासाठी आहे, आणि मराठी बायबलात त्यासाठी ‘वडील’ हाच शब्द आला आहे. या पंथाची कल्पना अशी की मंडळीचा, म्हणजे एका ठिकाणच्या भाविकांच्या समूहाचा, कारभार एकट्या पाळकाने हाकायचा नाही. मंडळीने आपल्यातूनच काही वडील निवडायचे. कोणी शेतकरी, कोणी मास्तर, कोणी गवंडी. ते आपला धंदा सोडत नाहीत. पण कोणाच्या घरी आजार आहे, कोण उपासनेला यायचे थांबले, कोणत्या विधवेच्या घरी दाणे नाहीत, याची जबाबदारी पाळकाबरोबर त्यांच्यावरही असते. देवळाच्या विश्वस्तांपेक्षा हे पद वेगळे आहे. विश्वस्त मालमत्ता सांभाळतो, वडिलाने माणसे सांभाळायची असतात.

मला हे पुस्तकातून कळण्याआधी बँकेच्या काउंटरवरून कळले. ऐंशीच्या दशकात राहुरी तालुक्यातल्या एका शाखेत असताना दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक पागोटेवाले वृद्ध शेतकरी तीन-चार म्हाताऱ्या बायांना घेऊन येत. त्यांचे अंगठे उठवून घेत, पासबुक वाचून दाखवत, पैसे मोजून लुगड्याच्या गाठीत बांधायला लावत आणि घरी पोचवत. सगळे त्यांना वडील म्हणत. त्यातल्या एका बाईचे ते खरोखरच वडील असावेत असा माझा बरेच दिवस समज होता. मग आमच्या शिपायाने सांगितले की ते चर्चचे वडील आहेत. त्या बायांपैकी एक तर ख्रिस्तीही नव्हती. यासाठी त्यांना कोण काय देते, असे मी बँकवाल्याच्या सवयीने विचारले. शिपाई नुसता हसला.

पण अशी माणसे आपोआप तयार होत नाहीत. टिळक १८९५ मध्ये ज्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात आले, तिथे नेमका हाच पेच होता. नगरचे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासूनचे. ते पंथाने प्रेसबिटेरियन नव्हते, काँग्रिगेशनल होते. म्हणजे तिथे प्रत्येक मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र. कागदावर तिथेही सत्ता सामान्य भाविकांचीच होती. परंतु दुष्काळाने सगळा हिशेब बदलून टाकला. १८७६ ते १८७८चा दुष्काळ, मग १८९६-९७चा, आणि त्यावर १८९९-१९००चा. गावकुसाबाहेरची महार-मांग कुटुंबे मोठ्या संख्येने मिशनच्या आसऱ्याला आली. अनाथ मुलांनी वसतिगृहे भरली. शंभर वाड्यावस्त्यांत दहा-दहा, वीस-वीस घरांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, आणि शिकलेला पाळक मात्र दोन-चार ठिकाणीच.

यावर मिशनने काढलेला तोडगा म्हणजे शाळामास्तर. दिवसा तो महारवाड्यातली शाळा चालवी, रविवारी उपासना घेई, रात्री भजनाला बसे. त्याला थोडेसे धर्मशिक्षण देण्यासाठी आणि त्यातल्या हुशारांना पाळकपणासाठी तयार करण्यासाठी नगरला धर्मशिक्षणाची शाळा होती. तिचे सूत्रधार डॉ. रॉबर्ट ह्यूम. ते १८४७ मध्ये मुंबईतच जन्मलेले आणि हिंदुस्थानी विचारांविषयी आदर बाळगणारे मिशनरी. त्यांनी टिळकांना जवळ केले, आणि संस्कृत काव्यशास्त्र पढलेला हा चित्पावन ब्राह्मण त्या शाळेत शिकवू लागला. समोर बसलेले बहुतेक विद्यार्थी अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतले. दहा वर्षांपूर्वी ज्यांची सावली टाळण्याची रीत होती, त्यांच्याकडून आता टिळकांना माणसे सांभाळण्याची विद्या घोटवून घ्यायची होती आणि स्वतःही ती शिकायची होती. त्यांच्याजवळ विद्वत्ता होती, पण भुकेल्या घरी जाऊन काय बोलावे याचा अनुभव त्या पोरांनाच जास्त होता.

शिकवता शिकवता टिळकांच्या लक्षात आले की अडचण ज्ञानाची नाही, भाषेची आहे. उपदेशक जे बोलत ते साहेबाच्या मराठीचे अनुकरण असे. उपासनेत गायची गीते पुष्कळदा इंग्रजी पदांची भाषांतरे, आणि तीही विलायती चालींवर. चाळीस वर्षांचा शेतमजूर ती तोंडपाठ करू शकत नव्हता, मग नांगरामागे किंवा जात्यावर ती येणार कुठून? टिळकांनी आपला सगळा कवितेचा संसार या कामाला लावला. अभंग, ओवी, पदे, आरत्या. टाळ-मृदंगावर म्हणता येतील, एकाने सांगायचे आणि इतरांनी धरायचे अशी. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे ते मानत, आणि तीच वाट त्यांनी इतरांसाठी मोकळी केली. मराठी मंडळ्यांत आजही वापरात असलेल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक पदे आहेत.

हे काम वाङ्मयाच्या इतिहासात भक्तिकाव्य म्हणून नोंदले जाते. पण व्यवहारात त्याचा अर्थ काय झाला ते पाहण्यासारखे आहे. ज्या माणसाला अक्षरओळख नाही, त्याला धर्मशास्त्राचे पुस्तक देऊन काय उपयोग? पण त्याच्या तोंडी तीस-चाळीस अभंग असले तर तो मयताच्या घरी मुका राहत नाही. आजाऱ्यापाशी काय म्हणावे, पेरणीच्या वेळी काय म्हणावे, नवस फेडणाऱ्या शेजाऱ्याशी तंटा न करता आपली श्रद्धा कशी सांगावी, हे सगळे त्याला गाण्यातून मिळते. न शिकलेल्या वडिलांचे आणि बायकांचे हेच प्रशिक्षण होते. त्यासाठी नगरला येऊन दोन वर्षे राहावे लागत नव्हते आणि कोणाची शिष्यवृत्तीही लागत नव्हती.

कीर्तनाचेही तसेच. ख्रिस्ती कीर्तन नगरला टिळकांच्या आधीपासून होते. कृष्णराव सांगळे यांनी ते रुजवले होते. टिळकांनी त्यात आपल्या पूर्वायुष्यातला कीर्तनकार ओतला. पूर्वरंग, आख्यान, मध्येच विनोद, मग गहिवर. कीर्तनाचा फायदा असा की ऐकायला सगळा गाव येतो आणि कोणाला धर्म बदलावा लागत नाही. व्यासपीठावरून उपदेश करणारा आणि खाली ऐकणारा यांच्यातले अंतरही त्यात उरत नाही. झांज ज्याच्या हातात तोही त्या कामाचा भागीदार होतो.

टिळकांच्या या शिक्षणाची सर्वांत अवघड विद्यार्थिनी त्यांच्या घरात होती. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या त्या आपले सोवळे घेऊन. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. दुसऱ्यांना ख्रिस्ताकडे बोलावणाऱ्या उपदेशकाची बायको स्वतः हिंदू राहते, यावर मिशनमध्ये कुजबुज झाली नसेल असे नाही. टिळकांनी तिला ओढले नाही. तिला लिहावाचायला शिकवले, तिच्याशी वाद घातला, भांडले, आणि वाट पाहिली. जातिभेद माणसाने केलेला आहे हे तिचे तिला उमगले, आणि १९०० मध्ये तिने मुलगा दत्तूसह बाप्तिस्मा घेतला. माणसे सांभाळण्याच्या शास्त्रात संयम हा पहिला धडा आहे, असे मला वाटते. एरवी सर्व बाबतींत उतावळ्या असलेल्या टिळकांनी एवढ्या एकाच बाबतीत तो पाळला.

आणि मग या बाईने नवऱ्याला मागे टाकले. दुष्काळात आणि नंतरही त्यांच्या घरी सतत दुसऱ्यांची मुले असत. कोणी अनाथ, कोणी टाकलेली, कोणी शिकायला आलेली. बालकवी ठोमरे नगरला आले तेव्हा तेही याच घराच्या मायेत वाढले. मुलांना आणून घरात ठेवण्याचा निर्णय टिळकांचा, पण त्यांना जेवू घालणे, त्यांच्या उवा काढणे, त्यांची दुखणी काढणे लक्ष्मीबाईंकडे. त्यांना कोणी दीक्षा दिली नव्हती, कोणत्याही धर्मशाळेचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हते. नवऱ्याला पुस्तकातही ‘टिळक’ म्हणून एकेरी नावाने हाक मारणारी ही बाई पुढे स्वतः कीर्तने करू लागली. सामान्य भाविकांतून पाळक तयार होऊ शकतो या म्हणण्याला टिळकांच्या हयातीतला सर्वांत सबळ पुरावा त्यांच्या स्वयंपाकघरात होता.

आता पगाराविषयी. मिशनचा उपदेशक, शाळामास्तर, पाळक हे सगळे मिशनचे पगारदार. पैसा अमेरिकेतून येणार. तिकडे १८९३ नंतर मंदी आली तेव्हा मिशन मंडळांच्या तिजोरीला ओढ लागली आणि इकडच्या खेड्यातल्या कामावर कात्री चालली. म्हणजे बोस्टनमधल्या जमाखर्चावर नेवाशाकडच्या एखाद्या वस्तीतली शाळा अवलंबून. पण टिळकांना पैशाच्या टंचाईपेक्षा दुसरी गोष्ट जास्त टोचत होती. गावकरी उपदेशकाकडे मिशनचा माणूस म्हणून पाहत. तो प्रेमाने आला तरी पगारासाठी आला असे वाटे. मंडळीतल्या लोकांनाही वाटे की आजाऱ्याला भेटणे हे त्याचे काम, त्याला त्याचे पैसे मिळतात. आपण का जावे? पगाराने एक माणूस कामाला लागला आणि पन्नास माणसे सुटली. हा अनुभव धर्मापुरता नाही. एखाद्या संस्थेत समाजसेवक नेमला की बाकीच्यांची समाजसेवा थांबते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

त्या काळी हे टिळकांनाच सुचत होते असे नाही. १९०५ मध्ये हिंदी ख्रिस्ती लोकांनी हिंदी पैशावर काम करावे म्हणून नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी वेदनायगम अझरिया यांनी १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक परिषदेत गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले की त्यांच्या त्यागाबद्दल कृतज्ञता आहे, पण इथल्या माणसांना त्यांच्याकडून मैत्री हवी आहे. हेच अझरिया १९१२ मध्ये निजामाच्याच राज्यातल्या दोर्णकलचे बिशप झाले. त्याच वर्षी रोलंड ॲलन या इंग्रज धर्मोपदेशकाने एक पुस्तक लिहून असे मांडले की सेंट पॉल एखाद्या गावी थोडे दिवस राहून, तिथल्याच माणसांच्या हाती सगळे सोपवून पुढे जात असे. आपण मात्र पिढ्यानपिढ्या ठाण मांडून बसतो आणि कोणावरच विश्वास टाकत नाही. टिळक १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. ख्रिस्ताला मराठी पोशाखात आणि स्वतःच्या पायांवर उभे करण्याचा ध्यास तिथेही त्यांनी सोडला नाही.

शेवटी १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला. आता आपण ख्रिस्ताचे संन्यासी, असे ठरवून ते साताऱ्यास गेले आणि तिथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. या दरबाराची कल्पना आजही धाडसी वाटेल अशी होती. येशूला गुरू मानणाऱ्या सर्वांचा हा बंधुवर्ग. बाप्तिस्मा घेतलेले त्यात येतील आणि न घेतलेलेही. विलायती पंथांची कुंपणे तिथे नाहीत, पगारी नोकर आणि मिंधे शिष्य नाहीत. ज्याला जे येते त्याने ते द्यावे, आणि प्रत्येकाने दुसऱ्याचा सांभाळ करावा. नवीन पंथ काढण्याचा त्यांचा हेतू नव्हता.

इथे माझ्यातला बँकेचा माणूस जागा होतो. पंचावन्नाव्या वर्षी, निवृत्तिवेतनाची सोय नसताना, घरात माणसांचा राबता असताना बांधलेली मिळकत सोडणे याला अध्यात्मात त्याग म्हणतात. पण त्या त्यागाचा हप्ता कोण भरतो? टिळकांच्या हातात पैसा कधी राहिलाच नव्हता. दारी आलेल्याला देऊन टाकणे हा त्यांचा स्वभाव, आणि घरात डाळ नाही हे लक्ष्मीबाईंचे रोजचे वास्तव. संन्यास एकाने घेतला आणि त्याचा संसार दुसरीने चालवला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो खरे, पण त्या हसण्याखाली ही वसुली सतत चालू आहे. टिळकांविषयी लिहिणाऱ्याने हे झाकून ठेवू नये. पगार सोडा असे सांगणारा धर्म बायकांच्या बिनपगारी कष्टांवर उभा राहत असेल, तर तो हिशेब अपुरा राहतो.

दुसरी अडचण संघटनेची. पंथ नको, चौकट नको, अधिकारी नको, हे सगळे ठीक. पण मग संस्थापक गेल्यावर पुढे कोण? वडील निवडण्याची प्रेसबिटेरियन रीत टिळकांना रुक्ष वाटली असेल, पण त्या रुक्षपणात एक शहाणपण आहे. एक वडील गेला की दुसरा निवडला जातो, आणि कोणी कवी असो वा नसो, काम चालू राहते. दरबाराला तेवढा अवधीच मिळाला नाही. दोन वर्षांत टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही.

मग या सगळ्या खटाटोपातून उरले काय? जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने १९२३ मध्ये टिळकांचे चरित्र लिहिले. त्याआधीच त्याने ख्रिस्त सेवा संघ काढला होता, आणि त्यात पुढे गोरे आणि काळे एकाच पंगतीत, एकाच साधेपणाने राहू लागले. त्यामागे टिळकांची प्रेरणा होती. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले. अर्धशिक्षित म्हणवणाऱ्या या बाईने ते काम २४ फेब्रुवारी १९३६ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. ग्रंथ १९३८ मध्ये निघाला. १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या, १९७० मध्ये त्या अँग्लिकनांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. जालन्याची परंपरा आणि नगरची परंपरा आज एकाच छत्राखाली आहेत, आणि आमच्या शहरात त्याच चर्चचा मराठवाडा धर्मप्रांत आहे.

परवाच्या वर्षी गंगापूरकडच्या एका खेड्यात एका परिचिताच्या आईच्या मातीला गेलो होतो. पाळकांकडे पाच-सहा गावे. ते दुसऱ्या एका गावी अडकले होते. कोणी त्यांची वाट पाहत बसले नाही. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई पुढे झाल्या. त्यांनी चार वाक्यांत प्रार्थना केली, मग एका म्हाताऱ्याने अभंग धरला आणि मागच्या सगळ्यांनी तो उचलला. त्यात गावातले वारकरीही होते. त्यांना चाल ओळखीची होती. अभंग कोणाचा, असे मी नंतर त्या म्हाताऱ्याला विचारले. त्याला कवीचे नाव ठाऊक नव्हते. आमच्यात पहिल्यापासून हेच म्हणतात, एवढेच तो म्हणाला आणि खांद्यावरचे उपरणे सारखे करत मयताच्या धाकट्या मुलाला घरी न्यायला निघाला. पुढचे दहा दिवस संध्याकाळी त्या घरी कोणी कोणी बसायला जायचे, याची वाटणी तोवर त्या बाईंनी करून टाकली होती.